सावईच्या घराला कॅमेरे लावताना

आमच्या गोव्यातल्या सावईच्या घरी पहिले कॅमेरे मे महिन्यात आले आणि जूनमध्ये गेले. चार होते, वायफायवाले. बसवणाऱ्याने अर्ध्या दिवसात काम उरकले, मोबाइलवर अॅप घालून दिले आणि ‘बाय, आता निवांत निजात’ म्हणून गेला. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत फाटकावरच्या कॅमेऱ्यात पाणी शिरले. मागच्या दाराकडच्याचा अडॅप्टर जळाला. कुळागराकडचा, म्हणजे मागच्या सुपारीच्या बागेकडचा, तर लावल्या दिवसापासून ‘ऑफलाइन’च होता. चौथा तेवढा चालू राहिला, पण त्याला रात्रभर एकच गोष्ट दिसायची, त्याच्या तोंडावरचे कोळिष्टक.

दुसऱ्या खेपेला ते काम आम्हीच केले. आम्ही म्हणजे मी, इंजिनिअरिंगला असलेला माझा पुतण्या आणि गावचा इलेक्ट्रिशियन. मी फोंड्यात एका सहकारी संस्थेत हिशेब बघते, वायरींशी माझा संबंध इस्त्रीच्या पिनेपुरता. तरीही यातले बरेचसे काम शिकता येते, आणि जे येत नाही ते निदान दुसऱ्याकडून नीट करून घेता येते. तीन पावसाळे झाले, कॅमेरे चालू आहेत. कुणी विचारले की मी एकच सांगते, कॅमेरा शेवटी घ्या. आधी वायर, पाणी आणि अर्थिंग बघा.

घर कसे आहे ते सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. चिऱ्यांचे जुने घर, मधोमध राजांगण, पुढे पडवी, मागे विहीर आणि तिथून खाली उतरणारी कुळागराची वाट. खाली पंपाची खोली आणि सुपारी वाळत घालायचे खळे. थोरले भावोजी बोरिवलीला, धाकटे पुण्याला. सगळी माणसे जमतात ती चवथीला, गणपतीवरची माटोळी बांधायला. एरवी घरात आम्ही दोघे आणि सासूबाई. आम्ही दोघेही नोकरीला गेलो की सासूबाई एकट्या, आणि खळ्यावर सुपारी.

आधी रात्री फिरा

कागद, पेन्सिल आणि बॅटरी घेऊन रात्री दहानंतर घराभोवती एक फेरी मारा. दिवसा फिरलात तर सगळीकडे कॅमेरा हवासा वाटतो. रात्री खरे ते दिसते, म्हणजे माणूस कुठून येऊ शकतो, उजेड कुठे आहे आणि झाडाची फांदी कुठे आडवी येते. आमच्या कागदावर आधी नऊ फुल्या होत्या, फेरीनंतर चार उरल्या: फाटक, पडवी, मागचे दार आणि खळे. घराच्या आत, स्वयंपाकघरातही, एकही नाही. ‘माझ्या रांदणीत डोळा नको’ असे सासूबाईंनी बजावले, आणि ते बरोबरच होते.

प्रत्येक फुलीपाशी स्वतःला विचारा की इथे माणसाचे तोंड ओळखायचे आहे, की कुणीतरी आले एवढे कळले तरी पुरे? याला हिशेब आहे. सीसीटीव्हीच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात परक्या माणसाची ओळख पटवायला चित्रात मीटरमागे २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात असे धरले होते. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र २५६० पिक्सेल रुंद असते. दुकानदार डोळे मिटून देतो त्या २.८ मिलिमीटरच्या भिंगाला साधारण शंभर अंशांचा परिसर दिसतो, म्हणजे दहा मीटरवर जवळजवळ चोवीस मीटर रुंदी. २५६० भागिले २४ केले की जेमतेम १०७. याचा अर्थ फाटकापाशी कोणीतरी आले हे कळेल, कोण ते नाही. ६ मिलिमीटरचे भिंग साधारण पन्नास अंश बघते, दहा मीटरवर नऊ-साडेनऊ मीटर रुंदी, म्हणजे मीटरमागे २७० च्या आसपास. म्हणून फाटकाला ६ चे, पडवीला २.८ चे, बाकी दोन ठिकाणी ४ चे घेतले. चारही कॅमेरे एकाच भिंगाचे घेणे म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकाच मापाच्या चपला आणण्यासारखे आहे.

शेजाऱ्यांकडे काय दिसते तेही त्याच फेरीत बघून घ्या. आमच्या मागच्या कॅमेऱ्यात त्यांची विहीर आणि कपडे वाळत घालायची दोरी येत होती. सेटिंगमध्ये चित्राचा तेवढा भाग काळा करता येतो, त्याला प्रायव्हसी मास्क म्हणतात. मी तो केला आणि शेजारच्या वहिनींना बोलावून पडद्यावर दाखवला. माइकही बंद ठेवला आहे. पडवीवर बसून माणसे काय काय बोलतात ते डिस्कवर साठवायची गरज नाही.

वायफाय का नको

चिऱ्याची भिंत दीड हात जाड. राउटर सोप्यात, आणि मधे अशा तीन भिंती. राजांगणात मोबाइल धरला तरी वायफायच्या रेघा एकावर येतात, मागच्या दाराशी तर नावच दिसत नाही. आणि गंमत म्हणजे वायफाय कॅमेऱ्याला विजेची वायर लागतेच. वायर चुकत नाही ती नाहीच, मग एकच वायर अशी न्यावी की जिच्यातून वीजही जाईल आणि चित्रही येईल. त्याला पीओई म्हणतात. नेटवर्कच्या केबलमधूनच साधारण ४८ व्होल्ट डीसी जातो. मधे एक पीओई स्विच बसतो (दिव्याचे बटण नव्हे, सगळ्या केबली एकत्र जोडणारा डबा), प्रत्येक कॅमेऱ्याची केबल त्या स्विचला येते, आणि बाहेर कुठे अडॅप्टर, प्लग, सॉकेट काहीच नसते. आमच्या पहिल्या कॅमेऱ्यांतला एक अडॅप्टरमुळेच मेला होता. दुसरा फायदा असा की स्विच इन्व्हर्टरवर टाकला की सगळे कॅमेरे आपोआप इन्व्हर्टरवर येतात.

स्विच घेताना ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी असे लिहिलेले बघून घ्या. एएफ एका पोर्टवर, म्हणजे केबल खुपसायच्या एका भोकावर, १५.४ वॅट देतो, एटी ३० वॅट. साधा कॅमेरा रात्री अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागल्यावरही दहाच्या आत राहतो, तेव्हा एएफ पुरतो. सगळ्या पोर्टना मिळून किती वॅट हेही डब्यावर छापलेले असते. आम्ही आठ पोर्टांचा, एकूण ६० वॅटचा घेतला. ‘पॅसिव्ह पीओई’ लिहिलेला स्वस्त स्विच घेऊ नका. समोर काय जोडले आहे हे न विचारताच तो वीज सोडतो. एएफ स्विच आधी विचारतो, मग देतो.

केबल, आणि ब्लेडची गोष्ट

दुकानात कॅट-६ चा ३०५ मीटरचा बॉक्स दोन किमतींना मिळतो. दुसरी किंमत निम्म्याच्या आसपास असते आणि दुकानदार सांगतो, ‘सेमच आसा बाय, फकत कंपनी वेगळी.’ माझ्या पुतण्याने खिशातून दाढीचे ब्लेड काढले. दोन्हींचे तुकडे मागून घेतले, एकेक बारीक तार सोलली आणि ब्लेडने तिचा पापुद्रा खरवडला. एका तारेच्या आतही तांबडे निघाले. दुसरीच्या आत पांढरे चकचकीत. वर तांब्याचा मुलामा, आत अॅल्युमिनियम. दुकानदार म्हणाला, ‘चलता सगळें.’

चालते, पण संध्याकाळपर्यंतच. अॅल्युमिनियमचा विजेला होणारा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. दिवसा कॅमेरा थोडी वीज खातो, तेव्हा काही जाणवत नाही. अंधार पडून इन्फ्रारेड दिवे लागले की मागणी वाढते, लांबच्या केबलमध्ये व्होल्टेज पडते, कॅमेरा बंद होतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. ज्या वेळेसाठी कॅमेरा लावला नेमक्या त्याच वेळी. कुणाचा कॅमेरा ‘फक्त रात्री बिघडतो’ असे ऐकले की मी आधी केबल सोलून बघायला सांगते.

बाहेरून जाणारी केबल बाहेरच्यासाठीच बनवलेली घ्या, जाड काळ्या आवरणाची. आतली राखाडी केबल उन्हात दोन वर्षांत तडकते. आणि स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटरच्या वर जाऊ नका, ती या केबलची ठरलेली मर्यादा आहे. छपराच्या कौलांखालून केबल नेताना ती पाइपात घाला. आमच्या माळ्यावर उंदीर आहेत आणि त्यांना केबलचे आवरण सुपारीच्या सालीइतकेच आवडते. पाइप विकत आणावा लागला नाही. कुळागराला पाणी द्यायचा काळा एचडीपीई पाइप उरलेला होता, तोच वापरला.

केबलच्या टोकाला आरजे-४५, म्हणजे नेटवर्कची पिन, लावायचे काम मी स्वतः शिकले, पडवीवर चटई टाकून. आठ तारांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिप खाली धरून डावीकडून उजवीकडे. दोन्ही टोकांना हाच. तारा बोटांत चेपून सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या, आत सारायच्या आणि पुढच्या टोकाशी आठही तांबडे ठिपके दिसले तरच पकड दाबायची. माझी पहिली पाच टोके फुकट गेली. सहावे लागले. सातवेही लागले, तेव्हा लक्षात आले की कॅमेऱ्याबरोबर आलेली पाणी अडवायची टोपी आधी केबलमध्ये ओवायला विसरले आहे. ती पिनेवरून जात नाही. पुन्हा कापा. म्हणून आधी टोपी, मग रबराची चकती, मग पिन, हे मी पेनाने हाताच्या पंजावर लिहून घेतले. केबलचा टेस्टर दोनतीनशे रुपयांत मिळतो. शिडीवर चढण्याआधी प्रत्येक केबल त्यावर तपासा. आठही दिवे क्रमाने लागायला हवेत.

पाण्याला वाट देऊ नका

कॅमेऱ्यावर आयपी-६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेले असले तरी ते कॅमेऱ्यापुरते. त्याच्या शेपटीला लोंबणारी जोडणी उघडीच असते आणि पाणी शिरते ते तिथून. ती जोडणी भिंतीवरच्या बंद प्लास्टिकच्या पेटीत असायला हवी, पेटी वळचणीखाली हवी, आणि केबल पेटीत खालून शिरायला हवी. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या. कौलाच्या टोकाला पागोळी जशी लोंबून गळते, तसे केबलवरून ओघळणारे पाणी त्या झोलाच्या तळाशी येते आणि गळून पडते. झोल नसला तर तेच पाणी केबलच्या पाठीवर बसून थेट पेटीत जाते. भिंतीला भोक पाडताना ते आतून बाहेर थोडे उतरते पाडा. चिरा मऊ, ड्रिल सहज जाते, पण बाहेरच्या तोंडाला चिऱ्याचे कपचे उडतात. त्या खळगीत सिमेंट भरून मगच केबल ओढा. शेवटी भोक सिलिकॉनने बुजवा. पाण्याइतकेच मुंग्यांसाठीही. आमच्या पहिल्या पेटीत लाल मुंग्यांनी अंडी घातली होती, आणि पेटी उघडताना मी शिडीवर होते एवढे सांगते.

उंची अडीच ते तीन मीटर. त्याहून वर लावला तर केसांचे भांग तेवढे दिसतात. कॅमेऱ्याच्या चौकटीत पांढरी भिंत, खांब किंवा वळचण कडेला जरी आली तरी रात्री इन्फ्रारेडचा उजेड तिच्यावरून परततो आणि मागचे सगळे काळे पडते. पश्चिमेकडे तोंड करून लावू नका. पडवीच्या कॅमेऱ्यात मात्र मागे लख्ख अंगण आणि पुढे सावलीतला माणूस अशी स्थिती असते, तिथे डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारे सेटिंग, चालू करा, नाहीतर आलेला माणूस नुसती सावली दिसतो.

कोळ्यांवर उपाय नाही. उजेडाला किडे येतात, किड्यांना कोळी. आठवड्यातून एकदा हिरांच्या केरसुणीने जाळे काढणे हाच उपाय, आणि आमच्याकडे तो गुरुवारी होतो. भिंग पुसायला ओला मऊ कपडा घ्या, साडीचा पदर नको. आपल्याकडच्या लाल धुळीत बारीक वाळू असते, ओरखडे पडतात.

वीज कोसळली ती गोष्ट

सगळे लावून झाले, जून ते सप्टेंबर निभावले, आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात संध्याकाळी कुळागरातल्या एका माडावर वीज पडली. घराला काही झाले नाही. पण खळ्यावरचा कॅमेरा, स्विच आणि राउटर तिन्ही एका क्षणात गेले. खळ्याची केबल घरापासून सत्तर मीटर मातीखालून गेलेली, म्हणजे आम्हीच विजेला तांब्याचा रस्ता करून दिला होता. इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी आला, मीटरापाशी बसला, आणि म्हणाला, ‘वयनी, हांगा अर्थिंगच ना.’ तार होती, पण जमिनीतला तिचा गज गंजून तुटला होता. किती वर्षे कोण जाणे.

तेव्हापासून दोन गोष्टी केल्या. नवे अर्थिंग घातले, विहिरीकडच्या ओल्या बाजूला. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये भाजून निघते आणि कोरड्या मातीत अर्थिंग कुचकामी होते, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतते. इलेक्ट्रिशियनने अर्थिंगचा विरोध मोजून पाच ओमच्या आत आणून दिला. स्विच त्याच अर्थिंगला जोडला, आणि फाटकाकडच्या केबलला स्विचच्या आधी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारा डबा, घातला. प्रोटेक्टरची हिरवी तार अर्थिंगला जोडली नाही तर तो नुसता डबा.

दुसरी गोष्ट म्हणजे खळ्याकडे जाणारे तांबे काढून फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाकली. काचेतून वीज जात नाही. घराकडे एक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल यांची गाठ घालणारा डबा), पंपाच्या खोलीत दुसरा, तिथे छोटा पीओई स्विच आणि त्याला कॅमेरा. पंपाच्या खोलीत वीज होतीच. फायबर जोडायचे यंत्र आपल्याकडे नसते. गावात इंटरनेट जोडणारी पोरे असतात, त्यांनी चहा आणि थोड्या पैशांत अर्ध्या तासात जोडून दिली. मात्र केबल घेताना एक गोष्ट विचारा. काही फायबरमध्ये ताणासाठी लोखंडी तार असते. तशी घेतलीत तर पुन्हा तोच रस्ता तयार झाला. बिनधातूची मागा.

कोणता कॅमेरा

यावर लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि मी सगळ्यात कमी बोलते. चार मेगापिक्सेल पुरतो. पाकिटावर ओएनव्हीआयएफ असायला हवे, म्हणजे उद्या एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राला, जोडता येतो. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा एसटीक्यूसी या सरकारी चाचणी यंत्रणेचे प्रमाणपत्र असलेले मॉडेलच घ्या आणि जुना साठा ‘स्वस्तात’ कोणी देत असेल तर हात जोडा. नळीसारखा बुलेट आणि अर्धगोल डोम यांत मी बाहेर बुलेट घेते. डोमच्या काचेवर दमट हवेत धुके धरते.

नेटवर्क

कारखान्यातून आलेले सगळे कॅमेरे बहुधा एकाच आयपी पत्त्यावर, म्हणजे नेटवर्कवरच्या एकाच नंबरावर, असतात. चारही एकदम जोडले तर एकाच नावाची चार पोरे एका वर्गात बसवल्यासारखे होते, हाक मारली की कोण ‘हजर’ म्हणेल सांगता येत नाही. एकेक जोडा, त्याला पत्ता द्या, मग पुढचा. आमच्याकडे राउटर १९२.१६८.१.१ वर आहे. राउटरला सांगितले की मोबाइल वगैरेंना शेवटचा आकडा २ ते १५० मधला असलेलेच पत्ते वाट. रेकॉर्डर २००, फाटक २०१, पडवी २०२, मागचे दार २०३, खळे २०४. हे पत्ते कायमचे.

मग पासवर्ड. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या. त्याने कुठलेही कुलूप फोडले नव्हते, कारखान्यातले ठरावीक पासवर्ड एकामागून एक घालून बघितले आणि लोकांनी ते बदललेलेच नव्हते. तेव्हा प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा, लांब पासवर्ड. घरच्या गाडीचा नंबर नको, बसवणाऱ्याने ठेवलेला तर मुळीच नको. त्याच बैठकीत फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम, नवे करून घ्या.

पुढची पायरी बहुतेक जण सोडतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॅमेऱ्याला इंटरनेट देऊ नका. त्याला फक्त रेकॉर्डरशी बोलायचे असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘गेटवे’ असा रकाना असतो, तिथे राउटरचा पत्ता घालण्याची रीत आहे. मी तिथे कुणाचाच नसलेला पत्ता घातला, १९२.१६८.१.२५४. घराबाहेर जायचे दारच त्याला ठाऊक नाही. बाहेर जायच्या बाकीच्या वाटाही बुजवल्या: आयपीव्ही-६ बंद केले, पी-टू-पी क्लाउड बंद केले, राउटरवर यूपीएनपी बंद केले आणि शिवाय राउटरच्या यादीत त्या चार पत्त्यांना इंटरनेट मनाई केली. एक अडचण येते. इंटरनेट नसले की कॅमेऱ्याचे घड्याळ हळूहळू भरकटते. म्हणून वेळ रेकॉर्डरकडून घ्यायला सांगा, वेळ जुळवायच्या एनटीपीच्या रकान्यात रेकॉर्डरचा पत्ता घालून. चुकीच्या वेळेचे चित्रीकरण पोलिसांपुढे ठेवले तर आपणच उत्तरे देत बसतो.

मग बोरिवलीहून भावोजींनी बघायचे कसे? राउटरवर पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून थेट आत यायला वाट करून, देतो असे बसवणारे सांगतात, ते करू नका. तसेही पुष्कळ ठिकाणी जमत नाही, कारण एकच बाहेरचा पत्ता इंटरनेट कंपनी अनेक घरांना वाटून देते. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुमचे तसेच आहे. आम्ही जुना लॅपटॉप कपाटावर कायमचा चालू ठेवून त्यात टेलस्केल घातले, बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडून देणारे सॉफ्टवेअर. भावोजींच्या, जाऊबाईंच्या आणि आमच्या मोबाइलवरही तेच. ते उघडले की बोरिवलीतला मोबाइल सावईच्या घरात बसल्यासारखा होतो, मग कॅमेऱ्याचे अॅप उघडायचे. मोबाइलवर बघायला बारीक चित्र ठेवा, सबस्ट्रीम म्हणतात त्याला. ६४० बाय ३६०, अर्ध्या एमबीपीएसचे (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट माहिती). मोठे चित्र फक्त डिस्कसाठी.

डिस्कचा हिशेब

हा भाग माझ्या पेशातला. एक एमबीपीएस सलग चोवीस तास म्हणजे १०.८ जीबी. एच.२६५ (चित्रीकरण दाबून लहान करायची पद्धत), सेकंदाला १५ चित्रे आणि चार मेगापिक्सेल असा कॅमेरा २ एमबीपीएसवर बरा दिसतो, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे, ८६.४ जीबी. दोन टीबीच्या डिस्कवर तेवीस दिवस. जुने आपोआप पुसले जाते. डिस्क सीसीटीव्हीसाठीची घ्या, सतत लिहिण्यासाठी ती बनवलेली असते.

रेकॉर्डिंग मी सलग ठेवते. ‘हालचाल झाली तरच’ असे ठेवले तर आपल्या पावसात प्रत्येक थेंब ही हालचाल असते. सूचना मात्र मोजक्या, फक्त माणूस दिसला तर, फाटकाची रेघ ओलांडली तर आणि रात्री अकरा ते पहाटे पाच. पाचची वेळ विचारपूर्वक ठरवली, कारण त्यानंतर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल घेऊन येतो. त्याचा भोंपू ऐकून उठायला काही वाटत नाही, मोबाइलची सूचना ऐकून धडकी भरते.

रेकॉर्डर दर्शनी ठेवू नका. चोर आला तर तो तोच उचलतो. आमचा एका कुलूपबंद कपाटात आहे, मागची फळी कापून हवा खेळती ठेवली आहे.

विजेचे म्हणाल तर चार कॅमेरे, स्विच, रेकॉर्डर, राउटर, कन्व्हर्टर आणि तो लॅपटॉप मिळून साठ ते सत्तर वॅट. घरातल्या १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत १८०० वॅट-तास असतात, त्यातले निम्मे वापरले आणि इन्व्हर्टरची गळती धरली तरी दहा-अकरा तास निघतात. पंपाच्या खोलीत इन्व्हर्टर नाही, तिथे राउटरसाठी मिळतात तसले दोन छोटे यूपीएस ठेवले आहेत, एक कन्व्हर्टरला आणि एक स्विचला. स्विच ४८ व्होल्टवर चालतो, तेव्हा त्याच्यासाठी तेवढे व्होल्ट देणारा यूपीएस मागून घ्यावा लागला.

दरवर्षी मे अखेरीस, मिरगाच्या आधी, एक रविवार यासाठी ठेवतो. चारही पेट्या उघडून आतल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलतो, रबराच्या चकत्या चेपल्या असतील तर नव्या घालतो, आड येणाऱ्या झावळ्या माडावर चढणाऱ्या पाडेल्याकडून काढून घेतो, आणि मागच्या आठवड्यातले कुठलेही एक चित्रीकरण उघडून पेनड्राइव्हवर उतरवून बघतो. रेकॉर्डरचा दिवा हिरवा आहे म्हणजे तो लिहितोय असे नाही, एका वर्षी डिस्क बिघडून नऊ दिवस काहीच लिहिले गेले नव्हते.

पत्ते, पासवर्ड आणि कुठली केबल कुठल्या पोर्टात हे सगळे मी एका कागदावर मराठीत लिहून त्याच्या दोन प्रती केल्या. रेकॉर्डरच्या कपाटात एकही ठेवली नाही, चोराला कशाला सोय. एक पुण्याच्या जाऊबाईंकडे आहे. दुसरी सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, घराच्या कागदपत्रांखाली, आणि त्या ट्रंकेची किल्ली त्यांच्या कमरेला.